काशीरामने ठोकलेला सांधा

मी वेल्डिंगचा सांधा बोलतोय. दोन लोखंडी पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटल्या, तेवढाच माझा जीव. वीतभर. हसायचं तर हसा. वेसाव्याच्या महादू कोळ्याच्या होडीत इंजिन ज्या बैठकीवर बसायचं, तिचा भार माझ्यावर होता.

सहासष्ट साली अंधेरीच्या एका कारखान्यात मी जन्मलो. पहिल्याच मोसमात चिरलो. वेल्डरने वर आणखी लोखंड चढवलं. पुन्हा चिरलो. माणसांना वाटतं, जाड म्हणजे मजबूत. अरे, मी मधोमध कधी तुटलोच नाही. तुटायचो ते कडेला, जिथे माझं लोखंड संपून पट्टी सुरू होते तिथे. इंजिनाची थरथर दिवसभर तीच जागा कुरतडायची.

तिसऱ्या खेपेला त्याच कारखान्यातल्या काशीरामच्या हाती पडलो. मालवणकडचा, उतारवयाचा, वाळलेला, तोंडाने फटकळ. त्याने जुनं सगळं काढलं, नवं बेताने भरलं, कड घासून उतरती केली. मग बोथट छिन्नी धरून कडेकडेने बारीक ठोके द्यायला बसला. महादू कावला.

"सांधायला आनलंय बाबा, ठेचायला नाय."

"मेल्या, उगी रव."

नंतर त्याने समजावलं, की वेल्डिंग थंड होताना लोखंड आतून ओढलं जातं आणि ताणलेलंच राहतं. ठोकलं की कड दबून बसते, चीर सहजी तोंड उघडत नाही. महादूला किती कळलं कोण जाणे. मला कळलं. जन्मात पहिल्यांदा अंगातला ताण गेला होता.

सात वर्षं टिकलो.

पंच्याहत्तर साली नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवायला काढली. त्या दिवसांत कोळीवाड्यात होडीचा खिळासुद्धा जुना दिसलेला चालत नाही. महादूचा धाकटा भाऊ चंदर, त्याला ठोक्यांनी माझ्या कडेला पडलेल्या खळग्यांची लाज वाटली. कुणाला न सांगता त्याने नाक्यावरच्या वेल्डरकडून त्यांच्यावर गुळगुळीत वेल्डिंग मारून घेतलं आणि निळा रंग फासला. त्या आगीत काशीरामची मेहनत गेली. मी पुन्हा ताणलो.

दोन महिन्यांत भर समुद्रात कडेलाच तुटलो. इंजिन कलंडलं. दुसऱ्या होडीने ओढून आणलं म्हणून माणसं वाचली. महादू किनाऱ्याला लागला तो तसाच अंधेरीला गेला आणि सगळ्या कामगारांसमोर काशीरामला नाही नाही ते बोलला. मी तेव्हा होडीतच अडकलेलो. होडीपाशी परत येऊन त्याने बायकोला, पुतळाबाईला, सांगितलं की म्हातारा भांडला नाही. हातोडी खाली ठेवून एवढंच म्हणाला, "माझोच हात चुकलो असात."

चार दिवसांनी मला बाहेर काढलं. रंग खरवडला तेव्हा खालचं नवं वेल्डिंग दिसलं आणि चंदरचं बिंग फुटलं. तो रंग तोंडाला फासून घ्यायचा होतास, पुतळाबाई दिराला म्हणाली. महादू पुन्हा अंधेरीला धावला. काशीराम काम सोडून गावी गेला होता. कुठलं गाव, कुणालाच नीट सांगता येईना.

आता मी सुक्या बोंबलांच्या ताडपत्रीवर वजन म्हणून पडून असतो. भंगारात द्यायला महादू तयार नाही. गंज चढतोय. समुद्राची आठवण येत नाही, खोटं कशाला बोलू? त्या हाताची येते. रोज येते.

मालवणकडे कुणी जात असाल, तर तेवढा म्हातारा शोधा. त्याला सांगा, हात चुकला नव्हता.