मिस्त्रींची सरळ ओळ

“काका, थांबा! ओळ बिघडेल!”

पुतण्या धावत येईपर्यंत मिस्त्रींनी पहार दगडाखाली घातलीसुद्धा होती. रस्त्याच्या कडेचा हा दगड त्यांनी स्वतःच बसवलेला. साऱ्या गल्लीचे कर्ब, म्हणजे हे कडेचे दगड, त्यांच्याच हातचे, नजर लागावी असे सरळ आणि चांगले उंच. हातगाडी चढवायला एखादा दगड बसका करा म्हटलं, तर ते अंगावर धावून जात. आता मुकादम झालेल्या पुतण्याला हा हट्ट त्यांनीच शिकवला होता.

पण काकू पडल्या, चाकांच्या खुर्चीत बसल्या आणि दारासमोरच्या याच दगडापाशी अडल्या. रस्त्यापलीकडचं वाचनालय म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दोघांनी उचलून नेतो म्हटलं की त्या भडकत. “मी काय सिमेंटची गोणी आहे?” महिनोन्महिने त्या बाहेर पडल्या नव्हत्या.

इंग्रजी शिकवण्यात या बाईंचा जन्म गेलेला. काल जेवताना त्यांनी विचारलं, “तुमचा कर्ब आला कुठून, ठाऊक आहे?”

“खाणीतून.”

“शब्द हो! मुळात अर्थ नुसता ‘वाकलेला’. मग घोड्याच्या हनुवटीखालची लगामाची साखळी, त्याला आवरायला. पुढे विहिरीचा काठ, आणि मग तुमचा दगड.”

मिस्त्री खूश झाले. “बघ, म्हणजे रस्त्याला लगाम घातला मी!”

“रस्ता धावतोय की. अडलेय मी.”

मिस्त्री अर्ध्या ताटावरून उठले आणि पहार शोधायला लागले.

“लोक नावं ठेवतील, काका,” पुतण्या आता म्हणाला.

“ठेवू देत. सरक बाजूला.”

दगड खाली बसले, उतार झाला. सिमेंट सुकल्यावर काकूंनी खुर्ची स्वतःच ढकलली. मिस्त्री मागोमाग होते, पण हात पाठीशी बांधून. मदत केली असती तर बोलणी खावी लागली असती. खुर्ची अलगद रस्त्यावर उतरली आणि काकू किती दिवसांनी मोठ्याने हसल्या. एवढा अभिमान मिस्त्रींना कुठल्याच सरळ ओळीचा वाटला नव्हता.

रस्ता ओलांडून त्या थांबल्या. वाचनालयासमोरचा कर्ब आडवा आला होता. तोही सरळ, तोही उंच.

“हा कुणी बसवला?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

“मीच.”

मिस्त्री पहार आणायला वळले. ती पुतण्याने आधीच खांद्यावर घेतली होती.