पहिलं पाणी मोगऱ्याला

खण्ण!

भर दुपारची वेळ. लाईट गेलेली, पंखे थांबलेले, सगळी चाळ निपचित पडलेली. त्या शांततेत माझी कडी वाजली. घरातल्या छोट्या मृणालने मला मोरीतून ओढत दारापर्यंत आणलं आणि ती माझ्यात डोकावून बघत बसली.

मित्रांनो, मी एक जुनं घंगाळ आहे. तांब्याचं, पसरट, दोन बाजूंना दोन कड्या असलेलं. डोंबिवलीत, कंपन्यांच्या पाठीमागे एक बैठी चाळ आहे, तिथे माझा मुक्काम. पण माझा जन्म झाला तो संगमनेरला, तांबटाच्या हातोडीखाली. ठोके खाल्ल्याशिवाय तांब्याला आकार येत नाही. ऊन तिरपं पडलं की ते ठोके अजून माझ्या अंगावर दिसतात.

शांताबाईंच्या लग्नात मी रुखवतात मिरवलो. पुढे पोटासाठी त्यांचं बिऱ्हाड इकडे आलं, तेव्हा गोधडीत गुंडाळून मलाही आणलं. इथे आंघोळीला प्लास्टिकची बादली आली आणि मी गेलो माळ्यावर. धूळ, जळमटं आणि एक म्हातारी पाल. कितीतरी पावसाळे माझी कुणाला आठवणही झाली नाही.

मग एके दिवशी चर्चच्या सिस्टर घरी आल्या. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या वेळी द्राक्षारसाचा चषक ज्या पांढऱ्या फडक्यांनी पुसतात, ती धुण्याचं काम त्यांनी शांताबाईंवर सोपवलं. "भांडं वेगळं ठेवा बरं," त्या म्हणाल्या, "आणि पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही. तो द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त, त्याचा अंश असतो त्यात. मातीला द्या, झाडाला द्या."

त्याच संध्याकाळी मी खाली उतरलो. चिंचेने घासून शांताबाईंनी मला असं लख्ख केलं की मलाच मी ओळखू येईना!

तेव्हापासून दर रविवारी माझ्यात ती फडकी भिजत, आणि पहिलं पाणी दारातल्या मोगऱ्याला जाई. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला मोगरा तो, पण मे महिन्यात असा फुलायचा की मारियामातेच्या गळ्यात आमच्याच घरचा गजरा. कुणी कौतुक केलं की शांताबाई ऐटीत म्हणायच्या, "मिस्साचं पाणी पितोय बाई, फुलणार नाही तर काय!"

त्यांचे गुडघे धरले तसं हे काम त्यांच्या सुनेकडे, म्हणजे मृणालच्या आईकडे, विनिताकडे आलं. शांताबाईंचा मुलगा प्रशांत इथल्याच एका रंगाच्या कंपनीत कामाला. संध्याकाळी तो शर्ट काढून ठेवी, तेव्हा तो शर्ट खुंटीशिवाय उभा राहील इतका कडक झालेला असे. त्याचा वास नाकातून जात नसे. तो धुवायला पिवळा टब होता. त्याचं जांभळट फेसाळ पाणी सरळ गटारात जाई. मी त्या टबाशेजारी बसायचो, पण जरा अंग चोरूनच.

यंदा एक मे आला. कामकरी संत जोसेफचा सण. त्या दिवशी आमच्याकडे लोक आपापली हत्यारं वेदीपाशी घेऊन जातात. गवंडी थापी नेतो, शिंपी कात्री नेतो. प्रशांतची ड्युटी होती, आणि त्याचं हत्यार म्हणजे रंग ढवळायची, घरापेक्षा मोठी टाकी. ती कशी न्यायची? विनिताने त्याचा आदल्या दिवशीचा न धुतलेला शर्ट घडी करून नेला.

"मागच्या बाकावरच्या बायकांनी पदर लावले नाकाला," घरी आल्यावर ती सांगत होती. "पण फादरांनी शर्टावर हात ठेवला, आत्याबाई. म्हणाले, जोसेफ सुतार होता, त्याच्या अंगाला भुसा लागलेला असायचा, आणि त्याच हातांनी त्याने बाळ येशूला उचललं. हा घाम म्हणजे प्रार्थनाच आहे."

एवढं बोलून तिने मला पुढे ओढलं आणि शर्ट माझ्यात बुडवला.

"अगं, खुळी का काय तू?" शांताबाई ओरडल्या. "कंपनीचा शर्ट घंगाळात?"

"वेदीवरून आलाय तो. याचंही पहिलं पाणी गटारात नाही जायचं."

शेवटी लेकाचा शर्ट होता ना. शांताबाई हळूच डोळे पुसत म्हणाल्या, "घाल मग मोगऱ्याला."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझा केवढा अभिमान वाटला! मग रोज संध्याकाळी तो शर्ट माझ्यात भिजू लागला. विनिता क्रुसाची खूण करी आणि पहिलं पाणी मोगऱ्याला घाली. सिस्टरांची फडकी मात्र तिने नव्या पातेल्यात धुवायला घेतली.

आधी मोगऱ्याच्या कळ्या गळाल्या. मग पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या. विनिताने शेणखत घातलं, डबा सावलीत सरकवला. शेवटी उरल्या नुसत्या काटक्या. माझ्याही तळाशी एक काळं कडं धरलं, चिंचेला न जुमानणारं.

प्रशांत त्या काटक्यांकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना.

"मास्क मागा ना हो," विनिता म्हणाली.

"मागितला. साहेब हसले. म्हणाले, एवढा नाजूक असशील तर घरी बस. बसू?"

"काम पवित्र असतं म्हणाले फादर..."

"काम आहेच गं पवित्र. माझ्या हातून एक बॅच बिघडलेली नाही आजवर. तिथली हवा कुठे पवित्र आहे?"

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मित्रांनो, मला चिंचेने घासलं नाही तरी चालेल. पुन्हा माळ्यावर टाकलं तरी माझं काही म्हणणं नाही. पण कष्टाच्या घामाला तुम्ही हात जोडाल, तेव्हा त्या घामात आणखी काय काय मिसळलंय तेही बघा. माझ्यासारख्या भांड्याला फक्त डाग पडतो. माणसाला तांब्याची कातडी नसते.

तर, आज दुपारी मृणाल माझ्या तळाचं ते काळं कडं बोटाने खरवडत होती. निघेना. मग तिने मोगऱ्याची एक काटकी मोडली. कट्‌कन मोडली ती, आत ओलावा नव्हता. विनिता उंबऱ्यात बसून त्याच शर्टाचं बटण लावत होती. उद्या प्रशांतची कंपनीत सकाळची पाळी.

"मम्मी," मृणाल म्हणाली, "मोगऱ्याला तर नुसतं धुतलेलं पाणी मिळालं, तरी तो मेला. पप्पा तर तो शर्ट घालतात ना गं?"