पान्हा टिकवणे

आमचे हे विज्ञानाचा शब्दकोश करतात. घरातलं मीठ संपलं तरी पत्ता नसतो, पण एखाद्या शब्दाची फोड राहिली तर यांना जेवण जात नाही. त्या आठवड्यात गाडं ‘गॅलॅक्टोपोएसिस’वर अडलं होतं. ‘गाला म्हणजे दूध, पोएसिस म्हणजे घडवणं. दोन्ही ग्रीक,’ असं मला ऐटीत सांगून त्यांनी ‘दुग्धनिर्मिती’ असा अर्थ लावून टाकला.

इकडे माझं दूध आटत चाललं होतं. लेक जेमतेम महिन्याची. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तशी मी दिवसभर तिला बाटलीने वरचं दूध द्यायचे आणि माझं संध्याकाळसाठी अंगातच साठवायचे. संध्याकाळी दोन घोट ओढून ती टाहो फोडायची. सासूबाई लगेच बाटली भरून आणायच्या, त्याचाच मला जास्त राग यायचा. तिला अंगावर पाजायचं, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी कोशातल्या नोंदी तपासणाऱ्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापक बाईंचा फोन आला. हे बाटल्या धूत होते, म्हणून फोन स्पीकरवर.

“अहो, निर्मिती काय लिहिलंत? दूध सुरू होण्याला वेगळा शब्द आहे. हा शब्द सुरू झालेलं दूध चालू राहण्याचा.”

“पण ग्रीकमध्ये...”

“फोड बरोबर आहे तुमची. पण शास्त्रात तो असा वापरतात. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. आत तुंबलं की शरीर हात आखडता घेतं.”

मी पलंगावरूनच ओरडले, “मग साठवलं तर?”

“कोण बोलतंय?”

“यांची बायको. बाळंतीण!”

बाई हसल्या. “साठवू नका गं बाई. मागेल तेव्हा लेकराला जवळ घ्या. डॉक्टरांना विचारून बाटली हळूहळू कमी करा.”

मला आधी हसू आलं, मग रडू. हे ओल्या हातांनी तसेच उभे. इतके दिवस दोघंही नको तिथे काटकसर आणि नको तिथे पांडित्य करत होतो.

मग दिवसरात्र एकच उद्योग. ती चुळबुळली की जवळ घ्यायचं. सासूबाईंनी पाठीशी उशा रचल्या, डॉक्टर वजन बघत राहिले, बाटल्या एकेक कमी होत गेल्या. कोशात ‘पान्हा टिकवणे’ गेलं, तेही सासूबाईंना विचारून.

आणि एका सकाळी पिता पिता लेक आपणहून सुटली. रडली नाही, शोधलं नाही. ओठाच्या कडेला दुधाचा ओघळ, मुठी उघड्या. पोट भरलं होतं तिचं, माझ्या दुधाने.