तळ्याकाठचा फेरा

भैरवीच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती आणि प्रत्येक पावलाला ती धुळीत एक बारीक रेघ ओढत होती, मग उडून बुटावर आपटत होती… सरोजिनी गेली दहा मिनिटं तेच बघत मागून चालली होती. सांगायला हवं. नाडी बांध, पडशील. एवढं साधं वाक्य. पण वीस दिवसांपासून घरात साधं वाक्य म्हणून राहिलंच नव्हतं. ‘चहा घेतेस का’ म्हटलं तरी त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी विचारलेलं असायचं, आणि ते भैरवीला ऐकू येत असावं, कारण ती ‘नको’ म्हणायची तेव्हा ते नुसतं चहाला नसायचं.

कॉलनीतली शेवटची घरं मागं पडली. गिलावा न झालेल्या भिंती, दगड रोवून आखलेले प्लॉट, एका प्लॉटवर कुणीतरी पेरलेली मेथी. इथून कच्चा रस्ता हातलाईच्या डोंगराच्या पायथ्याशी जातो, तिथून तळ्याच्या बांधावरून ज्वारीच्या रानात उतरतो आणि वळसा घेऊन कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला येऊन मिळतो. चार-साडेचार किलोमीटर. अकरा वर्षं सरोजिनी रविवारी सकाळी हा फेरा घालत आली होती, आणि अकरा वर्षांत तिला कधी असं वाटलं नव्हतं की या रस्त्यावर इतकं पाणी आहे. आज सकाळी डोळे उघडल्यापासून ती मनातल्या मनात पाणीच मोजत होती. तळं. त्याच्या पलीकडे पाटलांची विहीर, कठडा नसलेली. पुढं शेततळं, काळा कागद अंथरलेलं…

“तळ्याकडनं जाऊ या ना,” निघताना भैरवीच म्हणाली होती. सरोजिनी डोंगराच्या दुसऱ्या बाजूचा रस्ता सुचवणार होती. पण त्या ‘ना’मध्ये वीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं गेलं होतं, आणि अंबादास दारात उभे राहून म्हणाले होते, “हिला घेऊन जा की. घरात बसून बसून माणूस आंबतं.”

अंबादासांचं बरं होतं. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला सुट्टी म्हणजे सुट्टी. कुणीतरी मंजूर केलेली, तारीख घातलेली. मुलगी पुण्याहून एक बॅग घेऊन येते, ‘सुट्टी आहे’ म्हणते, ‘किती दिवस?’ विचारल्यावर ‘बघू’ म्हणते, दिवस दिवस छताकडं बघत पडून राहते, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण अर्जात जे लिहिलंय त्याच्या पलीकडं वाचायची सवय त्यांना कधी नव्हतीच. सरोजिनी मात्र गेले बारा दिवस गुडघ्याचं निमित्त करून भैरवीच्या खोलीत खाली गादी टाकून झोपत होती. झोपत कसली… तिचा श्वास ऐकत होती. घरातल्या काय काय गोष्टी तिनं कपाटात घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली पोलक्यात ठेवून ती चौथीच्या पोरांना भागाकार शिकवायला जात होती.

आणि काल संध्याकाळी ते झालं.

भैरवीनं गळ्यातली साखळी काढली. तिच्या पहिल्या नोकरीच्या वेळी केलेली, नाजूक. ती आईच्या हातावर ठेवली. “तुझ्याकडंच राहू दे. मी घालतच नाही.” अंबादास पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “बरं केलंस, प्रवासात सोनं कशाला.” पण सरोजिनीच्या तळहातानं ते वजन ओळखलं. तो हात सत्तावन्न वर्षांचा राहिला नाही. अकरा वर्षांचा झाला, भूमच्या घराच्या मागच्या दारात उभा, घामेजलेला, आणि त्याच्यावर कुमुदताई आपल्या कानातल्या कुड्या ठेवत होती – ठेव गं सरू, पाण्यात पडतील… जरा विहिरीवर जाऊन येते. दुपारची वेळ. धुणं सकाळीच झालेलं. घागर हातात नव्हती. मला हे सगळं दिसत होतं. मी काही लहान नव्हते, मला कळत होतं की धुणंही नाही आणि घागरही नाही, आणि माझ्या तोंडात शब्द आला होता, ‘कशाला?’ तीन अक्षरांचा शब्द. आणि मी तो विचारला नाही, कारण ताई सासरहून आल्यापासून तिला काही विचारलं की आई डोळे वटारायची.

भैरवी बांधावर चढली. सरोजिनीनं पावलं उचलली. तळं जानेवारीच्या मानानं बरंच भरलेलं होतं, वाऱ्यानं त्यावर बारीक चुण्या पडत होत्या. भैरवी पाण्याच्या बाजूनं चालली होती. तिनं दुसऱ्या बाजूनं चालावं असं सरोजिनीला वाटलं, मग असं वाटल्याची लाज वाटली, मग ती लाज तशीच ठेवून ती झपाट्यानं पुढं गेली आणि मुलीच्या नि पाण्याच्या मधे शिरली. भैरवीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, जरा सरकून तिला जागा करून दिली.

“बाई! ओ बाई!”

बांधाला लागून असलेल्या ज्वारीच्या रानातून मथुराबाई हात हलवत येत होत्या. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात काठी. पाखरं हाकत होत्या. त्यांची नात शिवांजली सरोजिनीच्या हाताखाली शिकून गेलेली.

“बरं झालं घावलात. शिवांजलीच्या दाखल्यावर बापाचं नाव चुकीचं पडलंय बगा. नर्सिंगला घालायची म्हनतोय तिला, तर तिथं घेईनात. काय करावं वं?”

“या ना उद्या शाळेत. बघते मी.”

“उद्या न्हाय जमायचं, उद्या तुरी कापायला मानसं हायत. म्या मंगळवारी आले तर चालंल का? ही तुमची लेक व्हय? लई वाळलीया की वं!”

भैरवी कसनुसं हसली. “तू बोल, आई. मी हळूहळू चालते पुढं,” म्हणाली आणि निघाली. मथुराबाई आधार कार्डावरचं नाव सांगत होत्या, रेशन कार्डावरचं वेगळं आहे म्हणत होत्या, सरोजिनी मान हलवत होती आणि तिचे डोळे त्या पाठीवर होते… बांध पुढं वळतो, तिथं बाभळी आहेत. पाठ बाभळींपर्यंत पोचली. थांबा हो जरा, असं म्हणता येत नव्हतं. तीस वर्षं गावानं ‘बाई’ म्हटलेलं माणूस एका म्हाताऱ्या बाईचं बोलणं तोडून कसं पळणार, आणि काय सांगून पळणार? पाठ बाभळींमागं गेली. मथुराबाई म्हणत होत्या, “…तर म्या म्हनलं, बाईंनाच इचारावं.” हो, मंगळवारी या, दोन्ही कार्डं आणा – आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा ऐकू आला, आणि मग ती पळाली.

गुडघा खरोखरच दुखत होता. पदर खांद्यावरून घसरला. वळण आलं, बाभळी आल्या, मागं पडल्या, आणि पुढं बांध सरळ, लांबच लांब, मोकळा. कुणी नाही. पाण्यावर चुण्या. कुणी नाही. तिनं पाण्याकडं पाहिलं आणि पाहवेना, आणि तोंड उघडलं तेव्हा छातीतून जी हाक फुटली ती तिची तिलाच कळली नाही.

“कुमुदताई!”

आवाज तळ्यावरून जाऊन डोंगरावर आपटला. तिनं पुन्हा तीच हाक मारली.

“आई?”

खालून. पाण्याच्या बाजूनं नव्हे… बांधाच्या दुसऱ्या उतारावरून, शेताकडून. भैरवी एका दगडावर बसली होती, तळ्याकडं पाठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून. “आई, काय झालं? इथंच आहे मी. दम लागला म्हणून बसले.”

सरोजिनी उतारावरून घसरतच खाली आली. मुलीचा दंड धरला. धरला तो सोडवेना.

“कोणाला हाक मारत होतीस?”

काही नाही, म्हणायचं होतं. सेहेचाळीस वर्षं हेच उत्तर तयार होतं; खरं म्हणजे ते देण्याची वेळच कधी कुणी येऊ दिली नव्हती. भूमच्या घरातला ताईचा फोटो पंधरवड्यातच उतरवला गेला, नंतर घर विकलं, नंतर आई आणि वडील, दादा, गेले.

“माझी बहीण,” ती म्हणाली. “थोरली.”

“शांतामावशी?”

“शांतेच्या वरची. आम्ही तिघी होतो.”

भैरवी बघत राहिली. आणि सरोजिनीनं सांगितलं. दम खात, पुढचं आधी नि मागचं नंतर. सासर, माहेरी आल्यावरचे आठ दिवस, कुड्या, मागचं दार, नसलेली घागर. “पाय घसरला असं सांगितलं सगळ्यांना. मलासुद्धा तेच सांगितलं. मी बघितलेलं असून. आणि मी… मी पण तेच धरून बसले गं.”

“किती वर्षांची होती?”

“वीस.”

लांबून मथुराबाईंच्या डब्याचा आवाज येत होता. ठण, ठण, ठण, थांबून पुन्हा. सरोजिनीला वाटलं, आता नाही तर मग नाही. वर्गात पंचेचाळीस पोरांपुढं न अडखळणारी जीभ टाळूला चिकटली होती.

“भैरवी, तुला मरावंसं वाटतं का?”

शब्द बाहेर पडले आणि आकाश कोसळलं नाही. भैरवीनं मान वळवली. ज्वारीकडं बघत राहिली. इतका वेळ, की सरोजिनीला वाटलं आपण चुकलो, आपणच तिच्या डोक्यात घातलं, आता हे परत घेता येणार नाही…

“रोज नाही,” भैरवी म्हणाली.

मग म्हणाली, “मरावंसं असं नाही गं. नसावंसं.”

‘असलं अभद्र बोलू नये.’ आईचं वाक्य. आईच्याच आवाजात ते सरोजिनीच्या जिभेवर येऊन उभं राहिलं आणि तिनं ते मोठ्या कष्टानं गिळलं. तिच्यातली शिक्षिका उत्तर शोधत होती, लगेच द्यायचं, फळ्यावर लिहून दाखवायचं. ते सोडून ती मातीतच, मुलीच्या दगडाला टेकून बसली.

“कुणी काही केलं का? काही झालं का तिकडं?”

“काहीच झालं नाही. तेच तर…” भैरवीचा आवाज फाटला. “काही झालं असतं तर सांगितलं असतं ना. काय सांगू? सकाळ होते, आणि मला वाटतं, आता ही पण काढायची.”

ती रडली नाही. सरोजिनीलाही रडू आलं नाही. एक बैलगाडीची वाट समोरून जात होती, तिच्या चाकोऱ्यांत हरभऱ्याचे तुटलेले डहाळे पडले होते.

“उद्या डॉक्टरांकडं जाऊ. मनाच्या. मी रजा टाकते.”

“इथं? रिक्षावाल्यापासून सगळे ओळखतात तुला. उद्या सगळ्या धाराशिवात होईल, बाईंच्या मुलीला—”

“होऊ दे.”

इतकं झटकन आलं ते, की भैरवीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

“आणि बाबा?”

“मी सांगते त्यांना,” सरोजिनी म्हणाली, आणि पेपरच्या मागचा तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला, अर्धवट हसरा, काय म्हणालीस असं विचारणारा. कोणत्या शब्दांनी? “तोवर रात्री जाग आली की मला उठवायचं.”

“तू जागीच असतेस की.”

म्हणजे हिला माहीत होतं. बाराही रात्री दोघी एकमेकींचा श्वास ऐकत पडल्या होत्या, प्रत्येकजणी दुसरीला झोप लागावी म्हणून गप्प. सरोजिनीला राग आला. स्वतःचा, मुलीचा, भूमच्या त्या घराचा. सगळ्यांचा मिळून एक. मग तो राग उठायच्या कामी आला. तिनं दगडाचा आधार घेतला, भैरवीनं हात दिला, आणि दोघी रानातल्या वाटेला लागल्या. फेरा अर्ध्याहून जास्त उरला होता. पाटलांची विहीर पुढंच होती, शेततळं होतं, भीती तर होतीच – कमी झाली म्हणावी तर नाही, उलट आता तिला नाव मिळालं होतं आणि नाव मिळालेली भीती जास्त जड लागत होती. पण ती आता एकटीच्या पोलक्यात नव्हती.

बराच वेळ गेल्यावर भैरवीनं विचारलं, “कशी होती ती? म्हणजे… एरवी?”

सरोजिनीनं सांगायला तोंड उघडलं आणि तिला काही आठवेना. ती दुपार आठवली. मागचं दार. ताईची पाठ. सेहेचाळीस वर्षं तिनं ताईची फक्त पाठ जपून ठेवली होती. चेहरा कुठं गेला होता? तिनं शोधलं – भूमचा बाजार, शाळेची वाट, जात्याची खोली – चालता चालता ती थांबली, डोळे मिटून उभी राहिली, आणि भैरवी तिच्यासाठी थांबली.

“शिट्टी वाजवायची,” ती म्हणाली. “दोन बोटं तोंडात घालून. अशी की दादांची गाय गोठ्यातून मान वर करायची. दादा मारायला धावायचे, मुलीच्या जातीनं… आणि ही आढ्याला टांगलेल्या झोपाळ्यावर उभी राहून पुन्हा वाजवायची. आणि लबाड किती! सागरगोट्यांत…”

ती सांगत राहिली. एकातून एक निघत होतं, ती कुठं चाललीय याकडंही तिचं लक्ष नव्हतं, आणि मधेच तिच्या ध्यानात आलं की शेजारी चालणाऱ्या मुलीच्या तोंडातून एक आवाज आला होता. हसणं होतं की हुंदका, कळलं नाही. तिनं वळून पाहिलं नाही. पुढची गोष्ट आठवत, ती बोलत राहिली.