पहिला मान अक्काचा

नळदुर्गच्या आमच्या गल्लीत विमानात बसलेली माणसं आता पुष्कळ आहेत, पण पहिल्या वर्गानं गेलेलं कुणी नाही. त्यामुळं निघण्याआधी महिनाभर आमच्या ह्यांनी जे मिरवून घेतलं, ते विचारू नका. वैजनाथराव लाईनमन म्हणून रिटायर झाले. आयुष्य विजेच्या खांबांवर चढण्यात गेलं आणि गुडघे कामातून गेले. बापाला पाय लांब करून जाता यावं म्हणून उत्कर्षनं विमानप्रवासाचे साठवलेले सगळे पॉइंट वापरून आम्हा दोघांची जर्मनीची तिकिटं काढली. त्याला मुलगी झाली होती. बाळंतपणाला सुनेची आई जाऊन आली, आता आमची पाळी होती.

उत्कर्ष मला मावशी म्हणतो. मी त्याची मावशीच आहे. माझी थोरली बहीण धुरपता, आमची अक्का, त्याला जन्म देऊन पाचवी पुजायच्या आतच गेली. तान्हं पोर कोण सांभाळणार म्हणून महिन्याभरात मला हळद लावून वैजनाथरावांच्या शेजारी उभं केलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या पोराकडं बघून नाही म्हणवलं नसतं. लग्नातच सासूनं माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटा टाक बांधला. आमच्याकडं दुसरीनं पहिलीच्या नावाचा टाक घालायचा असतो. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, हळदीकुंकू आधी टाकाला लावायचं, ताटातला पहिला घास टाकाला दाखवून मग आपण खायचं. पहिला मान अक्काचा. नाही दिला तर ती रागावते म्हणतात, लेकराबाळांवर उलटते म्हणतात.

चौतीस वर्षं मी तो मान दिला. पोराचं गू-मूत काढलं, त्याला गोवर आला तेव्हा उशाशी बसून राहिले, अभ्यासाला पहाटे उठवलं, आणि त्याच्या प्रत्येक पेढ्याचा पहिला तुकडा अक्काला दाखवला. पोरगं बोलायला लागलं तेव्हा एकदा मला आई म्हणालं, तर सासूनं तिथल्या तिथं सुधारलं, ‘मावशी म्हण.’ तेव्हापासून मावशी. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. जिवंत सवत परवडली, तिच्या झिंज्या तरी धरता येतात.

पण ह्या वेळी मी मनाशी ठरवलं होतं. नात आधी माझ्या हातात येणार. टाकाला टेकवायची नाही, दाखवायची नाही. हे एवढं एक मला पहिल्यांदा हवं होतं.

हैदराबादला ह्यांच्या मामेभावाकडं मुक्काम करून सकाळी आम्ही विमानतळावर पोचलो. पहिल्या वर्गाच्या लोकांना बसायला वेगळी जागा असते, तिला लाउंज म्हणतात. दारात एक मुलगी उभी होती, छातीवर हर्षाली अशी पट्टी. आमचं बोलणं ऐकून ती हसली, म्हणाली, मी उमरग्याची. आमच्याच भागातली निघाली, मला धीर आला. तिनं काचेचं दार उघडून धरलं, आम्ही दोघं आत गेलो, तरी ती थोडा वेळ दार धरून तशीच उभी राहिली. मागून अजून कुणी यायचं असावं तसं तिनं मान लववली आणि मग दार सोडलं. शिष्टाचार असेल म्हणून मी सोडून दिलं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. बाहेर विमानांचा एवढा घरघराट, आणि इथं काही नाही. पायाखालचा गालिचा इतका मऊ की चालताना आपण चालतोय की नाही तेच कळेना. हर्षालीनं सांगितलं, इथं विमानाची घोषणा होत नाही, पाहुण्यांची झोपमोड होते. वेळ झाली की आम्हीच येऊन सांगतो. जागोजागी मोठ्या खुर्च्यांतून माणसं बसली होती, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ह्यांना अंग दाबणारी खुर्ची सापडली. त्यांनी बटण दाबलं आणि जे डोळे मिटले, ते मिटलेच.

मी हातपाय धुवायला गेले. संगमरवरी बेसिन, वर भलामोठा आरसा. आजूबाजूला कुणी नाही बघून मी दोऱ्याची गाठ सोडली, टाक रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. गळ्यावर टाकाच्या जागी पांढरा गोल राहिला होता. आरशात तो बघून मला लाज वाटली नाही, खरं सांगते, मोकळं वाटलं.

बाहेर येऊन मी ताट वाढून घेतलं. इडली, शिरा, कसलं तरी लोणी, काजू. आणि कुणालाही न दाखवता पहिला घास तोंडात घातला. शिरा तुपानं थबथबला होता, पण त्याला चव नव्हती. गोडही नाही, तिखटही नाही. लोणचं लावून बघितलं, तेही तसंच. ह्यांना हलवून एक घास भरवला, तर म्हणाले, झकास आहे, आणि पुन्हा घोरायला लागले. आमच्याकडं म्हणतात, अन्न आधी दुसऱ्या कुणी उष्टं केलं की त्यातली चव जाते. मी ताट बाजूला सरकवलं.

तेवढ्यात हर्षाली ट्रेमध्ये चहा घेऊन आली. दोन कप आमच्यासमोर ठेवले, तिसरा ट्रेमध्येच राहू दिला. हा कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुमच्यासोबतच्या ताईंचा.

“आमच्यासंगं कुणी न्हाय गं,” मी म्हटलं.

ती गोंधळली. म्हणाली, तुमच्या मागोमाग आल्या की. हिरवं लुगडं, कानाला फडकं बांधलेलं. आत झोपायच्या खोलीत पडल्यात. अंग दुखतंय म्हणाल्या, म्हणून मी पांघरूण दिलं. गुळाचा चहा मिळंल का विचारत होत्या, इथं गूळ कुठला, साखरेचाच नेते.

अक्का गुळाचाच चहा प्यायची. साखरेच्या चहाला ती पाहुण्यांचा चहा म्हणायची. मी ह्यांचा दंड धरून हलवलं, उठा म्हटलं, उठा हो. त्यांनी डोळे उघडले नाहीत, फक्त ओठ हलले.

“धुरपते, जरा पाणी दे,” ते म्हणाले.

चौतीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. जागेपणी तर नाहीच, पण झोपेतही नाही. भीती वाटली त्याहून जास्त संताप आला. इथंही आलीस? अगदी इथंसुद्धा? मी पर्स काखेत मारली आणि आत निघाले.

झोपायची खोली म्हणजे अंधूक उजेडाचा लांबट बोळ होता. दोन्ही बाजूंना पडदे लावलेले लहान लहान कप्पे होते. थंडी इतकी की श्वास बोचत होता. पहिल्या कप्प्याचा पडदा अर्धवट उघडा होता.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. मी त्रेपन्न वर्षांची, आणि ती बावीसची. माझी लेक शोभली असती. ओल्या बाळंतिणीला बांधतात तसं कानावरून फडकं, पाय अनवाणी, टाचेला मातीच्या भेगा. मांडीवर विमानतळाचं पांघरूण गुंडाळून घेतलेलं, आणि एका हातानं ती ते पांघरूण थोपटत होती. तिची चोळी पुढून ओली होती. दूध आलेलं होतं तिला, अजूनही.

“आलीस व्हय, अयोध्ये?” ती म्हणाली. “बस की.”

मी कुठली बसतेय. माझे हात पर्सची चेन चाचपत होते. रुमाल काढला, टाक काढला, दोरा गळ्याभोवती घ्यायला लागले, पण गाठ बसेना.

“घालते, अक्का. आत्ता घालते. पोरीला काय करू नगंस,” मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी विहिरीच्या काठावर पळायला लागले की बघायची तसं.

“म्या कधी मागितलं व्हतं गं?” ती म्हणाली. “लुगडं म्हणू नगं, घास म्हणू नगं. तुमीच दावत राह्यलात. मला गिळता येतंय व्हय? सारखी हाक मारून उठवत राह्यलात, बाई. लई थकले म्या.”

चौतीस वर्षं मी जिला खाऊ घालत होते, ती उपाशीच होती आणि वर जागीही. तिनं पांघरुणाची घडी जरा उलगडून मला दाखवली. आत काही नव्हतं. मग तिनं ते पुन्हा जपून गुंडाळलं आणि विचारलं,

“ल्योक आई कुणाला म्हणतो?”

खोटं बोलायचं मनात आलं. तुलाच म्हणतो सांगावं, म्हणजे ती शांत होईल. नाहीतर मला म्हणतो सांगावं, एकदा तरी. पण तिच्या ओल्या चोळीकडं बघून दोन्ही जमेना.

“कुणालाच न्हाय,” मी म्हटलं. “मला मावशी म्हणतो. तुला बघितलं न्हाय त्यानं.”

ती थोपटायची थांबली.

“मग वाया गेलं की गं,” ती म्हणाली. “दोघींचंबी.”

मी तिचे पाय धरायला वाकले, पण हात लावायचा धीर झाला नाही. गार हवा तिच्याकडूनच येत होती. तिनं हात पुढं करून माझ्या बोटांतला टाक काढून घेतला आणि बाजूच्या तिपाईवर, न प्यालेल्या चहाशेजारी ठेवला. म्हणाली, ऱ्हाऊ दे हितंच. हितं बरं हाय. हितं कुणी ऊठ म्हणत न्हाय, पाणी आण म्हणत न्हाय. तू जा, इमान सुटंल तुझं.

मी मागं सरले आणि सवयीनं बोलून गेले, येते अक्का. मेल्या माणसाच्या घरून निघताना येते म्हणू नये, हे मलाही ठाऊक आहे. शब्द तोंडातून सुटल्यावर मी जीभ चावली. अक्का पहिल्यांदाच हसली.

“नगं येऊस,” ती म्हणाली. “सुखानं ऱ्हा.”

पडद्याबाहेर हर्षाली उभी होती. विमानाची वेळ झाल्याचं सांगायला आली होती. तिनं अर्धवट पडद्याकडं नजर टाकली आणि हळू आवाजात विचारलं, त्या ताई नाही का येणार? मी म्हटलं, झोपू दे तिला, उठवू नको कुणी. मला वाटलं ती तिकीट मागेल, नाव विचारेल, माणसं बोलावेल. तिनं फक्त मान हलवली.

“व्हतं असं, काकू,” ती म्हणाली. “राहत्यात लोक. आमी उठवत न्हाय.”

बोळात दोन्ही बाजूंना बाकीचे पडदे तसेच ओढलेले होते. एकाखालून कुणाचं तरी पाऊल बाहेर आलेलं दिसलं. मी पुढं बघितलं नाही. ह्यांना खुर्चीतून उपटून काढलं आणि दंडाला धरून चालवत बाहेर आणलं. दाराशी ते थबकले, डोळे चोळत म्हणाले, काही राहिलं का गं मागं? मी म्हटलं, काही नाही, चला.

विमानात पाय लांब करायची सोय होती, पडदा होता, गादी होती. मला झोप आली नाही. हात सारखा गळ्याकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. जेवण आलं. पहिला घास हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले, मग खाल्ला. भातात मीठ जास्त होतं. ते कळलं म्हणून मला किती बरं वाटलं, काय सांगू. पण लगेच मन खायला लागलं. बहिणीला परक्या गावात, गार खोलीत एकटीला सोडून आले, की तिला एकदाची झोपू दिली? एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी बघत मी जर्मनी गाठली.

उत्कर्षचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. उत्कर्ष आतून पोरगी घेऊन आला. लाल तोंड, मुठी आवळलेल्या, दुधाचा वास. तो अगदी माझ्यासमोर येऊन उभा राहिला, वाकून तिच्या कानाशी म्हणाला,

“बघ कोण आलंय. आजी आली तुझी.”

आणि मी बाजूला सरले. मुद्दाम नाही, पायच सरकले. मागं अक्का उभी असेल, तिला आधी पुढं येऊ द्यावं, म्हणून भिंतीला लागून मी वाट करून दिली आणि मान खाली घातली. चौतीस वर्षांचं वळण ते.

उत्कर्ष तसाच हात पुढं करून थांबला होता. म्हणाला, “मावशी, तुलाच म्हणतोय. घे की.”

मी वळून बघितलं. मागं बंद दार होतं आणि आमच्या चपला. कुणी आलेलं नव्हतं.

मी नातीला घेतलं. ऊन ऊन होती, जडही. आणि मला रडू फुटलं, ते थांबेचना. अक्का गेली तेव्हा मला रडायला वेळ मिळाला नव्हता. कडेवर पोर होतं, अंगाला हळद होती, आणि त्यानंतर ती माझी बहीण राहिलीच नाही, सवत झाली. विहिरीच्या काठावरून मला ओढून घेणारी माझी थोरली बहीण बावीस वर्षांची होऊन मेली होती, आणि मी तिच्यासाठी आत्ता रडत होते. उत्कर्षला वाटलं, नातीला बघून मावशीला भरून आलं. मी त्याला तसंच वाटू दिलं.