पन्नासावी सांडणी

वर्दा मेली. आखातातल्या रास अल खैमाच्या गोठ्यात मंगळवारी सकाळी तिने मान वाळूवर टाकली ती परत उचललीच नाही, आणि राखणदार मिथुनने तिला कुंपणामागे पुरलीसुद्धा.

संध्याकाळी राजन सरांनी ठरवलं, की असं काही झालेलंच नाही.

"मेली कुठे? उन्हाला कंटाळून पडलीये," ते कॅस्मिरला म्हणाले. राजन सर अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, उंटांचे मॅनेजर, मूळचे पुण्याचे. त्यांच्याशी वादात मृत्यूचाही निभाव लागत नसे.

कॅस्मिर वसईचा, त्यांच्या हाताखालचा क्लार्क. चाऱ्याचं सरकारी अनुदान मिळायला किमान पन्नास उंट लागत, आणि वर्दा पन्नासावी होती. अनुदान गेलं की गोठा बंद, गोठा बंद की नोकरी खलास, आणि त्या नोकरीच्या शेपटाला बांधलेले अ‍ॅलिसचे नि मरिसाचे, म्हणजे बायकोचे नि मुलीचे व्हिसा याच महिन्यात संपत होते. रिन्यूअलच्या पत्रावर सही तेवढी राहिली होती.

"इन्स्पेक्शन झालं की सही," राजन सर म्हणाले. "आधी उंट, मग फॅमिली."

पुरण्याआधी मिथुनने वर्दाच्या मानेतली चिप काढून ठेवली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. शेजारच्या गोठ्यातून एक बिनचिपची सांडणी उसनी आणायची आणि तिच्या मानेला ही चिकटवायची, असं ठरलं. तोवर हरवू नये म्हणून कॅस्मिरने ती गळ्यातल्या कापडी पाकिटात, संत अंतोनीच्या चित्रामागे सरकवली. हरवलेल्या वस्तू हे अंतोनीचंच खातं.

पण इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी, उसनी सांडणी यायच्या आतच आला. चिप वाचायचं मशीन एकेका मानेला लावत एकोणपन्नासवर थांबला. त्याला वाट द्यायला कॅस्मिर वाकून पाण्याची बादली उचलू लागला, तेवढ्यात मशीन वाजलं.

इन्स्पेक्टरने स्क्रीन पाहिली. वर्दा, मादी, वय अकरा. मग त्याने कॅस्मिरकडे पाहिलं.

"ये?"

कॅस्मिरच्या डोळ्यांपुढे मरिसाचं दप्तर आलं. त्याने हळूच आधी पुढचे, मग मागचे असे गुडघे टेकले. पुढचे म्हणजे कोपरंच, पण त्या घटकेला कोण मोजतो.

"बहोत पतला है," इन्स्पेक्टर म्हणाला.

"गर्मी, हबीबी," राजन सर म्हणाले.

इन्स्पेक्टरचे अजून बरेच गोठे बाकी होते. त्याने पन्नास लिहिले, शेरा मारला, 'एकीचा खुराक वाढवावा', आणि गेला.

"सही झाली?" घरी अ‍ॅलिसने विचारलं.

"इन्शाल्ला."

"डॅडा, यू स्मेल लाइक अ फार्म," मरिसा म्हणाली.

आठवड्याने अनुदान आलं. राजन सरांनी पेढा दिला. "मानलं तुला. पण आता इन्स्पेक्शन न सांगता होणार. वर्दा चोवीस तास गोठ्यात दिसायला हवी. तेव्हा तुला ऑफिसातून काढून तिकडे राखणदार करतोय. बाराशे दिरहम, म्हणजे जवळजवळ एकोणतीस हजार रुपये. खाऊनपिऊन."

"आणि माझं पत्र, सर?"

"राखणदाराच्या पगारावर फॅमिली व्हिसा होत नाही रे."

"पण मी गुडघे टेकले ते त्या पत्रासाठीच."

"छानच टेकलेस."

"मग मी गोठ्यात जात नाही."

"मग वर्दा मेली," राजन सर शांतपणे म्हणाले. त्यांनी हे पहिल्यांदाच मान्य केलं. "आणि गोठ्याबरोबर तुमचे तिन्ही व्हिसा."

कॅस्मिर पेढा हातात धरून बसला. अ‍ॅलिसला फोन लावला आणि ती उचलायच्या आत कापला. माणूस म्हणून मागायच्या जागा संपल्या होत्या. शेवटी त्याने कागद ओढला.

'प्रति, माननीय अधिकारी, पशुधन विभाग.
अर्जदार: वर्दा, सांडणी.
विषय: कुटुंब सोबत ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, अर्जदाराची पत्नी व आठवीत शिकणारी मुलगी यांचे वास्तव्य वार्षिक परीक्षा संपेपर्यंत अर्जदाराच्याच गोठ्यात मंजूर करावे, ही नम्र विनंती. दोघी बेताचे खातात. वाढीव चाऱ्याची मागणी नाही.'