ठिणगीला लावलेलं कुंकू

"आणखी एकदा मार हँडल!" सरकार पायरीवरून ओरडले.

ती विसावी खेप असेल. माझे दंड भरून आले होते आणि मोटार झेंडूची माळ घालून ढिम्म उभी होती. दसऱ्याची दुपार टळली होती. तासाभरात सीमोल्लंघनाची स्वारी निघायची आणि आमच्या सरकारांना, बाळासो इनामदारांना, तिच्यात मोटारीनं मिरवायचं होतं.

"काल नीट हुती न्हवं?"

"व्हय जी. काल येकदम नीट हुती."

"मग नबीलाललाच बोलवा. आठ दिवसामागं त्यानंच इंजिनावरची ती डबी उघडलीती."

ती डबी काल आणखी एकानं उघडली होती, आणि तो शहाणा मीच होतो.

ही महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. पहिलं महायुद्ध संपून एक वर्ष झालं होतं. मी टांगेवाला, घोडा विकून सरकारांच्या मोटारीवर बसलो होतो. मोटार तरी कसली! हिला पाणीच लागायचं नाही. इतर मोटारी वाटेत थांबून पाणी पितात, ही नुसती वारा खाऊन थंड राहायची. पेठेतल्या बयाबाईला ते काही पटलं नाही. मुकं जनावर तहानेलं राहील म्हणून ती कळशी घेऊन आली होती.

नबीलालचाचा पेठेतला घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यानं लोकांची घड्याळं चालवली. मोटार पहिल्यांदा रुसली तेव्हा कुणी न शिकवता त्यानं ती डबी उघडली होती. आत बाजरीच्या दाण्याएवढ्या धातूच्या दोन टिकल्या होत्या. त्यांना तो पॉइंट म्हणायचा. "ह्या जवळ येत्यात, लांब जात्यात," त्यानं मला सांगितलं होतं. "लांब गेल्या की ठिणगी पडती. आन् त्या ठिणगीवर ह्यो समदा डोलारा पळतोय." मी थक्क झालो होतो. एवढं मोठं धूड, चार माणसं घेऊन बिद्री गावापर्यंत जाणारं, आणि त्याचा जीव बाजरीएवढा!

तेव्हाच सरकारांनी शब्द दिला होता: दसऱ्यापासून नबीलाल मोटारखान्याचा मिस्त्री. चाचानं निळा कोट शिवला. रोशनबीचाचीनं ती बातमी साऱ्या गल्लीत सांगितली.

चाचा आला तो तोच कोट घालून. त्यानं तो काढला, घडी करून कठड्यावर ठेवला आणि मग मोटारीला हात लावला.

आधी पेट्रोल बघितलं, येत होतं. मग एका प्लगची तार काढून तिचं टोक लोखंडाजवळ धरलं आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. ठिणगी पडली नाही.

त्यानं डबीचं टोपण काढलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

मला ठाऊक होतं तो काय बघतोय. काल खंडेनवमी. तलवारी, कोयते, विळे, सगळ्यांना तेल चोळून हळदीकुंकू लावलं. मोटारीलाही लावलं. मग मनात आलं, बाहेरच्या पत्र्याला लावून काय उपयोग? हिचा देव तर आत आहे. टोपण उघडलं, तेलाचं बोट फिरवलं आणि त्या दोन टिकल्यांना चिमूटभर कुंकू लावून हात जोडले.

चाचानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोटाला अजून लाली होती. मी हात पाठीमागं नेला.

चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून त्यानं टिकल्या पुसल्या. मग कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढली. पहिली लाल निघाली, दुसरी गुलाबी, तिसरी कोरी. नंतर खिशातून भिंतीवरच्या घड्याळाच्या, किल्ली दिली की आवळणाऱ्या पोलादी कमानीचा तुटका तुकडा काढून दोन टिकल्यांमध्ये सरकवला. तुकडा अडकूही नये आणि सैलही राहू नये इतकी फट जुळेपर्यंत तो स्क्रू केसाकेसानं फिरवत राहिला.

"आता फिरव. आन् हिकडं बघ."

तारेच्या टोकाजवळ त्यानं टोपीची सावली धरली होती. टच्‌! निळी ठिणगी. पुन्हा टच्‌! मी आजवर देवळात इतका गप्प कधी उभा राहिलो नव्हतो.

मोटार पहिल्याच हँडलला सुरू झाली. सरकार खाली उतरले. "काय झालतं?"

माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण घोडा विकलेला होता, घरी बायको विठाबाई पोटुशी होती. मी हँडल पुसत राहिलो.

"माझीच चूक सरकार," चाचा म्हणाला. "फट बरुबर लावली न्हवती."

सरकारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मोक्याच्या येळी आसं करतोस? मग तू आपली घड्याळंच बघ, नबीलाल."

"जी."

त्यानं कोट उचलला. अंगात घातला नाही, हातावर टाकला. मी फाटकापर्यंत मागोमाग गेलो.

"चाचा, का वो आसं?"

"तू टांग्यावर परत जाशील म्हणलं तर घोडा कुठाय?" तो हसला. "मला घड्याळं हाईत की. आन् येक सांगू? सरकारास्नी ती नुसती मोटार हाय. तू ठिणगीला हात जोडलास. तुला कळलंय त्यात काय हाय ते." त्यानं कमानीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "फकस्त तिथं कुंकू लावू नगंस."

पुढं बारा वर्षं मी ती मोटार चालवली. त्याच्या दुकानापुढून जाताना वेग कमी करायचो. तो भिंगातून मान वर काढायचा नाही. फक्त कान द्यायचा, आणि आवाज नीट असला की चिमटा धरलेला हात जरासा उचलायचा.

आता चाचा नाही. मोटारही भंगारात गेली. खंडेनवमीला मी पाटावर विळा, कोयता, त्या मोटारीचं राहिलेलं हँडल मांडतो, सगळ्यांना तेल चोळून हळदीकुंकू लावतो. शेवटी तो तुकडा ठेवतो. कोऱ्या फडक्यानं पुसून, तसाच कोरडा. सूनबाई दर वर्षी कुंकवाचा करंडा पुढं करते, आणि मी दर वर्षी तिचा हात धरतो.